देवगावकरांचा घरगुती स्प्लिट

खिडकी मोकळी करून द्यायची, एवढंच मधुसूदन देवगावकरांनी ठरवलं होतं. एसी कापायचा, भिंतीला भोक पाडायचं आणि उस्मानपुऱ्यातल्या आख्ख्या गल्लीत संतपदाला पोचायचं, यातलं काहीही त्या सकाळी चहा पिताना त्यांच्या मनात नव्हतं. (संतपदाचं तर कधीच नव्हतं. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला असली स्वप्नं पडत नाहीत.)

त्यांच्या बेडरूमला खिडकी एकच, गल्लीकडे उघडणारी. चौदा वर्षांपूर्वी तिच्यात एसी बसला आणि खिडकी म्हणून तिचं आयुष्य संपलं. त्याआधी ती खिडकी म्हणजे पद्मजाबाईंचं माहेर होतं. समोर, दहा फुटांवर, तशीच पहिल्या मजल्यावर लक्ष्मीबाईंची खिडकी. पद्मजाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना कुकर लावता येत नव्हता. तो लक्ष्मीबाईंनी खिडकीतून शिकवला, तिकडे शिट्ट्या मोजून. मुलाच्या, अमेयच्या कांजिण्या, सासूबाईंचं आजारपण, मोडलेलं विरजण, सगळ्या अडचणी त्या दहा फुटांत सुटल्या. एसी आल्यावर दोघी खाली उतरून ओट्यावर बसू लागल्या, एवढंच.

यंदा होळीच्या सुमाराला लक्ष्मीबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, दिवाळीपर्यंत पलंग सोडायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. इकडे पद्मजाबाईंच्या गुडघ्यांना जिने बंद. म्हणजे दोघी दहा फुटांवर आणि मध्ये एक एसी. फोनवर बोलायचं म्हटलं तर फोन कानाला धरायचा की तोंडासमोर, हे लक्ष्मीबाईंचं बोलणं संपेपर्यंत ठरत नसे. अर्धं बोलणं छताला ऐकू जाई.

"अहो," चहाचा कप पुढे ठेवत पद्मजाबाई म्हणाल्या, "तो एसी खिडकीतून काढता येईल का?"

देवगावकरांनी पेपर खाली केला. "काढून?"

"काढून काहीही करा. मला खिडकी हवी आहे. काकूंचा चेहरा दिसला पाहिजे मला. ऐंशीला टेकल्या आहेत त्या. उद्या काही कमीजास्त झालं तर काय फोनवर रडू?"

एवढं बोलून त्या पदराला डोळे पुसत आत गेल्या. चौतीस वर्षांत या बाईनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. देवगावकरांना चहा गोड लागेना. (साखर घालायची राहिली होती हे नंतर कळलं, पण वाईट वाटलं होतं ते खरंच.)

यावर साधा उपाय होता. पुण्याहून अमेयनं तो फोनवर सांगितलाही. "बाबा, तो डबा भंगारात द्या. मी नवा स्प्लिट पाठवतो, कंपनीचा माणूस येऊन बसवून जाईल."

'डबा' हा शब्द देवगावकरांच्या जिव्हारी लागला. तो एसी साधा नव्हता. तो कार्यकारी अभियंत्यांच्या केबिनमधला एसी होता. देवगावकर खात्यात ड्राफ्ट्समन. बाहेर हॉलमध्ये पंख्याखाली, घामाचा थेंब ट्रेसिंग पेपरवर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधून त्यांनी धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढले. साहेबांच्या केबिनचं दार उघडलं की गार हवेचा एक झोत यायचा, तेवढीच त्यांची हवा. पुढे जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा त्यांनी तो एसी घेतला आणि पहिल्या दिवशी त्याच्यासमोर बूट घालून बसले. असा एसी भंगारात देणं म्हणजे साहेबांना भंगारात देण्यासारखं होतं.

"नवा नको," ते म्हणाले. "याचाच स्प्लिट करू."

"म्हणजे?" अमेयनं विचारलं.

"म्हणजे थंड करणारा अर्धा भाग आत भिंतीवर, गरम होणारा अर्धा भाग बाहेर भिंतीवर. मध्ये तांब्याच्या नळ्या. खिडकी मोकळी. मी मोबाइलवर पाहिलंय, एका गृहस्थांनी केलंय."

"बाबा, त्या गृहस्थांचं पुढं काय झालं तेही पाहिलंत का?"

देवगावकरांनी फोन पद्मजाबाईंकडे दिला.

*

बन्सी मेकॅनिक मूळचा हर्सूलचा, दुकान उस्मानपुऱ्यात. उन्हाळ्यात त्याला भेटणं म्हणजे मंत्र्याला भेटण्यासारखं. तीन चकरा मारल्यावर तो आला, एसीचं झाकण काढून आत डोकावला आणि एकेक वायर बोटानं हलवून पाहू लागला.

"होतंय साहेब," तो शेवटी म्हणाला. "पण काम लई किचकट हाय. याच्यात मोटर एकच. तिच्या एका टोकाला गार हवेचा पंखा, दुसऱ्या टोकाला गरम हवेचा. मधून कापलं की एक पंखा बिनमोटरचा. त्याला दुसरी मोटर लावावी लागंल."

"आमचा जुना कूलर पडला आहे गच्चीवर. त्याची चालेल?" कूलर तीन वर्षं बंदच होता. नळाला आठव्या दिवशी पाणी येणाऱ्या घरात कूलर हा पाहुण्यासारखा असतो. त्याला पाणी विचारायची सोय नसते.

"पळंल. नळ्या वाढवू, गॅस नवा भरू. मी करतो बरोबर, तुमी टेन्शन नको लेव."

देवगावकर इथंच थांबले असते तर ही गोष्ट झालीच नसती. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. देवगावकर म्हणाले, "बन्सी, काम ड्रॉइंगप्रमाणे व्हायला हवं. मी ड्रॉइंग काढून देतो. त्यात असेल तेच करायचं. आपलं डोकं लावायचं नाही."

"व्हय साहेब."

"आमच्याकडे एका मुकादमानं डोकं लावलं होतं. फक्त वीतभर. कालव्याचं पाणी ऊस सोडून स्मशानात गेलं."

"नाय लावत साहेब."

त्याच संध्याकाळी देवगावकरांनी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड काढला, टी-स्क्वेअर पुसला, ट्रेसिंग पेपरची जपून ठेवलेली शेवटची गुंडाळी सोडली. निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत पद्मजाबाईंनी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. त्यांनी न सांगता दुसरा चहा केला.

देवगावकरांची पहिली सूचना होती की दोन्ही पेट्या एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या आणि सारख्याच जाळीच्या हव्यात. बन्सीनं डोकं खाजवलं.

"साहेब, आतली पेटी लहान केली तरी चालंल की. कॉम्प्रेसर सगळा बाहेरच्या पेटीत ऱ्हातोय."

"बन्सी, शोभा नावाची काही गोष्ट असते. ड्रॉइंगमध्ये काय आहे?"

"सारख्या."

"मग सारख्या."

पत्र्याच्या दोन जुळ्या पेट्या तयार झाल्या, आकाशी रंगाच्या. सोमवारी बन्सीनं एसी काढून खिडकीला तात्पुरती फळी ठोकली, एसी कापून दोन्ही अर्धे त्यांत बसवले आणि गच्चीवरच नळ्या जोडून चालवून दाखवले. एका पेटीतून गार हवा आली, दुसरीतून गरम. देवगावकरांनी गार पेटीपुढे तळवा धरला आणि त्यांना केबिनच्या दाराची आठवण होऊन भरून आलं.

आता पेट्यांना नावं द्यायची होती. साधा माणूस 'आतली' आणि 'बाहेरची' असं लिहून मोकळा झाला असता. पण ज्यानं छत्तीस वर्षं धरणाचे नकाशे काढले, त्याच्या जगात आत-बाहेर नसतं. त्याच्या जगात दोनच दिशा असतात: प्रवाह जिकडून येतो ती अपस्ट्रीम आणि जिकडे जातो ती डाउनस्ट्रीम. देवगावकरांच्या घरात स्वयंपाकघर अपस्ट्रीमला होतं आणि जेवणाचं टेबल डाउनस्ट्रीमला. "अगं, माझा चष्मा टीव्हीच्या डाउनस्ट्रीमला आहे का बघ," असं ते म्हणत आणि पद्मजाबाईंना तो सापडतही असे.

तर सोमवारी गच्चीवर वारं सुटलं होतं आणि देवगावकरांच्या डोक्यात हवेचा विचार होता. हवा बाहेरून आत येणार. मग बाहेरची पेटी अपस्ट्रीम, आतली डाउनस्ट्रीम. त्यांनी काळ्या रंगानं, टाकानं काढल्यासारख्या अक्षरांत गरम पेटीवर 'अपस्ट्रीम' आणि गार पेटीवर 'डाउनस्ट्रीम' लिहिलं. नळ्या सोडवून बन्सी मंगळवार-बुधवार दुसऱ्या कामाला गेला.

गुरुवारी देवगावकर भिंतीचं ड्रॉइंग काढायला बसले. त्या दिवशी त्यांच्या डोक्यात पाणी होतं. एसी चालला की आतल्या पेटीत पाणी जमतं, ते नळीनं बाहेर काढायला हवं. नळीला उतार किती द्यायचा, यात त्यांचे दोन तास गेले. पाणी आतून बाहेर जाणार. मग आतली पेटी अपस्ट्रीम, बाहेरची डाउनस्ट्रीम. त्यांनी तसं ड्रॉइंगवर लिहिलं, बाण काढले, उतार दाखवला, खाली तारीख घातली.

दोन्ही दिवशी देवगावकर शंभर टक्के बरोबर होते. घोटाळा एवढाच की पेट्या सोमवारच्या होत्या आणि ड्रॉइंग गुरुवारचं.

*

शुक्रवारी बन्सी दोन माणसं घेऊन आला. 'अपस्ट्रीम' लिहिलेली पेटी जिन्यावरून खाली आणताना दोघांच्या तोंडाला फेस आला.

"साहेब," बन्सी दाराशीच थांबला. "ही जड पेटी... ही आत घ्यायची?"

"पेटीवर काय लिहिलंय?"

"अपस्ट्रीम."

"ड्रॉइंगमध्ये आत काय आहे?"

बन्सीनं ट्रेसिंग पेपर उलगडला, दोनदा पाहिला. "अपस्ट्रीमच हाय. पण साहेब, याच्यात तर कॉम्प्रेसर..."

"बन्सी. स्मशान."

 बन्सीनं आळीपाळीनं ड्रॉइंगकडे, देवगावकरांकडे आणि खिडकीच्या फळीच्या फटीतून समोर पलंगावर पडलेल्या लक्ष्मीबाईंकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

"समजलं साहेब," तो हळू आवाजात म्हणाला. "फकस्त इथं खाली एक सही मारा."

देवगावकरांना कौतुक वाटलं. सही मागणारा मेकॅनिक त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. त्यांनी झोकात सही केली. पुढचे चार तास त्यांनी कामावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. पेटी जमिनीपासून सात फूट तीन इंचांवर आहे का, हे टेप लावून तीनदा पाहिलं. लेव्हलच्या नळीत पाणी भरून पेटीच्या दोन्ही टोकांची पातळी जमवली. बाहेरच्या पेटीचं तोंड गल्लीकडे बरोबर काटकोनात आणलं. मोजण्यासारखं जे होतं ते सगळं त्यांनी मोजलं. पेटीत काय आहे हे मोजता येत नाही, म्हणून ते राहिलं.

संध्याकाळपर्यंत गॅस भरून झाला. बन्सी बटणाकडे हात नेणार तोच देवगावकरांनी तो अडवला. परवा अक्षय्य तृतीया होती. उद्घाटन त्या दिवशी, आमरस-पुरीनंतर, लक्ष्मीबाईंच्या साक्षीनं.

"बराबर साहेब. त्यांच्याच साक्षीनं पाहिजे," बन्सी म्हणाला आणि जाताना का कोण जाणे देवगावकरांच्या पाया पडला.

खिडकीवरची फळी मात्र त्याच संध्याकाळी निघाली. चौदा वर्षांनी पद्मजाबाईंनी दोन्ही दारं उघडली आणि गजांना हात लावून उभ्या राहिल्या. समोर पलंगावर लक्ष्मीबाईंनी मान वळवली. केस सगळे पांढरे झाले होते, चेहरा सुपारीएवढा.

"पद्मा?" त्या म्हणाल्या. "लई वाळलीस गं. जेवतीस का नाय?"

पद्मजाबाईंनी गजांतून हात बाहेर काढून हलवला. देवगावकर मागे टेप गुंडाळत उभे होते. त्यांनाही समोरचं धूसर दिसू लागलं. एसी चालो न चालो, आपलं काम झालं, असं त्यांना त्या क्षणी वाटून गेलं. (हे वाटणं त्यांनी तिथंच धरून ठेवलं असतं तर बरं झालं असतं.)

*

अक्षय्य तृतीयेला ऊन असं होतं की गल्लीतलं कुत्रंही पाय उचलून चालत होतं. आमरस झाला. लक्ष्मीबाईंची सून अपेक्षा सासूच्या पाठीला उशा लावून त्यांना खिडकीशी घेऊन बसली. देवगावकरांनी पेटीला हळदकुंकू लावलं आणि बटण दाबलं.

दोन्ही पेट्या घरघरल्या. आतल्या पेटीतून हवेचा झोत आला.

"गरम आहे," पद्मजाबाई म्हणाल्या.

"सुरुवातीला येणारच. कालव्यात पाणी सोडलं की आधी गाळच येतो. लाइन साफ होते आहे."

पाच मिनिटांनी पद्मजाबाई म्हणाल्या, "लाइन अजून साफ होते आहे का?"

भिंतीवरचं तापमापक अडतीसवरून एक्केचाळीसवर गेलं. देवगावकरांनी बटण फिरवून 'जास्त थंड' वर नेलं. तापमान चव्वेचाळीसवर गेलं. त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि दार-खिडकी लावून घेण्याची सूचना केली, कारण थंडावा बाहेर जातो. पद्मजाबाईंनी ती मानली नाही. त्या खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथंच थबकल्या. बाहेरून त्यांच्या गालाला गार झुळूक लागत होती.

"पद्मा," समोरून लक्ष्मीबाईंचा आवाज आला, "किती गार वारं सुटलंय गं. अंगावरचा पदर हलायलाय. महाबळेश्वर काय म्हणत्यात ते असंच असतंय का?" त्यांनी डोळे मिटले. "महिना झाला, पाठ नुसती भाजायली होती. देव भलं करो तुझ्या मालकाचं."

पद्मजाबाईंनी मान बाहेर काढून वरच्या पेटीकडे पाहिलं. 'डाउनस्ट्रीम.' मग आत वळून आतल्या पेटीकडे पाहिलं. 'अपस्ट्रीम.' चौतीस वर्षं ड्राफ्ट्समनबरोबर संसार केलेली बाई; तिला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"अहो," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही गल्ली थंड केलीत."

देवगावकर खुर्चीवर चढले, जाळीतून आत पाहिलं. कॉम्प्रेसर त्यांच्याकडेच बघत होता. ते खाली उतरले, ड्रॉइंग काढलं आणि त्यावर वाकले. घामाचा एक थेंब टपकन ट्रेसिंग पेपरवर पडला. छत्तीस वर्षांत पहिलाच.

*

त्यांनी बन्सीला फोन लावायला घेतला तोच दारावर थाप पडली. बन्सीच होता, हातात नारळ घेऊन. मागे अपेक्षा, वाटीभर आमरस घेऊन.

"काका," अपेक्षा वाटी पुढे करत म्हणाली, "बन्सीभाऊंनी शुक्रवारीच सांगितलं आम्हाला. आमच्या घरावर पत्रे, कूलरला पाणी नाही, आत्या दुपारभर तळमळायच्या. तुम्ही स्वतःच्या घरात गरम हवा घेऊन गार हवा आमच्याकडं सोडली. सख्खा मुलगा करणार नाही असं."

देवगावकरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात बन्सीनं नारळ त्यांच्या हातात दिला.

"मला आधी कळंना साहेब," बन्सी म्हणाला. "म्हटलं एवढा मोठा ड्राफ्समन, अशी चूक करंल का? शक्यच नाय. मग त्या आजीकडं नजर गेली अन् टाळकं उघडलं. म्हणूनच तुमी सारखं म्हणायलात, डोकं लावू नको. पुण्य गुपचूप करायचं होतं तुमाला. पण मी गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं. ऱ्हावलं नाय."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी अवस्था झाली. खरं सांगावं तर छत्तीस वर्षांची अब्रू जाते. पेट्या बदलाव्या तर ऐंशीच्या म्हाताऱ्या बाईच्या अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखं होतं. आणि गप्प बसावं तर उन्हाळा अजून दीड महिना शिल्लक. देवगावकरांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं.

पद्मजाबाई खिडकीशी होत्या. समोर लक्ष्मीबाईंना झोप लागली होती, तोंड किंचित उघडं, कपाळावर घाम नाही. महिन्यानं लागलेली दुपारची झोप होती ती. पद्मजाबाई आत वळल्या.

"त्यांचा स्वभावच तसा आहे," मग त्या अपेक्षाला म्हणाल्या. "मलासुद्धा सांगितलं नव्हतं."

झाकली मूठ सव्वा लाखाची. पाहुणे गेल्यावर देवगावकर कसनुसं हसून म्हणाले, "पद्मजा, तुझे उपकार कसे फेडू?"

"पेट्या दिवाळीला बदला. काकू हिंडूफिरू लागल्या की. तोवर हात लावायचा नाही."

"पण दुपारी झोपायचं कुठं?"

"ते काही ड्रॉइंगमध्ये दिसत नाही," पद्मजाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीची घडीच बदलली. बाहेरच्या पेटीखाली भाजीवाला गाडी लावू लागला. पेटीतून ठिबकणाऱ्या पाण्याला अपेक्षानं बादली ठेवली. आठव्या दिवशी नळ येणाऱ्या गल्लीत ती बादली कुणाची यावरून दोन घरांत अबोला झाला. येताजाता लोक देवगावकरांना नमस्कार करू लागले. शेजारचे कडुबा, ज्यांनी बारा वर्षं त्यांच्याशी पार्किंगवरून भांडण जपलं होतं, त्यांनी स्वतःची स्कूटर हलवून त्यांना जागा दिली. संतांना चालायला जागा लागते, असं ते म्हणाले.

घरात मात्र पद्मजाबाईंना निराळाच शोध लागला. बेडरूममध्ये घातलेल्या कुरडया एका दुपारीत खडखडीत वाळल्या. गच्ची नको, राखण नको, चिमण्या नकोत. ही बातमी खिडकीतून समोर गेली आणि समोरून गल्लीभर. मनकर्णाबाईंनी पापड आणले, सरूबाईंनी साबुदाण्याच्या चकल्या, कुणी सांडगे. देवगावकरांच्या पलंगावर प्लॅस्टिकचे कागद अंथरले गेले, टेबलावर अंथरले गेले, शेवटी ड्रॉइंग बोर्डावरही. खिडकीत खुर्ची टाकून पद्मजाबाई बसायच्या. डाव्या गालाला बाहेरची गार झुळूक, पाठीला आतली धग, आणि समोर लक्ष्मीबाई. सोयगावच्या माहेरच्या गोष्टी, सुनेच्या भाजीतलं मीठ, कुणाचं कुठं जमलं, चौदा वर्षांचं साचलेलं सगळं बोलून व्हायचं होतं. त्यांना इतकं हसताना देवगावकरांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांना मनापासून बरं वाटायचं. फक्त ते ऐकायला त्यांना बसायला जागा नव्हती.

अमेयचा फोन आला. "बाबा, स्प्लिट झाला का?"

"झाला," देवगावकर म्हणाले. ते खोटं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी एक वाजता त्यांनी टोपी घातली, हातात लेव्हलची नळी घेतली आणि म्हणाले, "समोर जाऊन हवा काटकोनात येते का बघून येतो."

पद्मजाबाईंनी मान न वळवता "बरं" म्हटलं.

जिना उतरून, गल्ली ओलांडून, दुसरा जिना चढून देवगावकर लक्ष्मीबाईंच्या खोलीत पोचले आणि खिडकीसमोरच्या आरामखुर्चीत टेकले. केबिनच्या दारातून यायचा तोच झोत आला. त्यांच्याच एसीचा, त्यांनीच मोजून काटकोनात आणलेला. आयुष्यात प्रथमच तो दार न ठोठावता मिळत होता. ते जरा वेळ टेकले, दुसऱ्या दिवशीही टेकले, तिसऱ्याही. पुढे आठवड्याच्या आत नळी घरीच राहू लागली आणि उशी बरोबर येऊ लागली.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी तीन वाजता लक्ष्मीबाईंनी खिडकीतून हाक मारली.

"पद्मा, अगं ए पद्मा. तुझा मालक हितं घोरायलाय बघ. मला डोळा लागंना. घिऊन जातीस का त्याला?"

पद्मजाबाईंनी कुरडया उलटायचं काम थांबवलं नाही.

"राहू द्या काकू तिथंच," त्या म्हणाल्या. "ड्रॉइंगप्रमाणे गार माल डाउनस्ट्रीमलाच ठेवायचा आहे. सही आहे त्यांची."